न्यायाधीश 'आपला माणूस' नको

मा. संपादक,
स. न.

टेक्सासमध्ये मराठी वकील न्यायाधीशपदाची निवडणूक लढवत असल्याची बातमी कालच्या अंकात वाचली. अभिमान मलाही वाटला. पण अर्धं पान भरून ते कोणत्या गावचे, दहावीला कितवे आले, आई काय म्हणाली हे सगळं छापलंत. कोर्टात किती वर्षं उभे राहिले, कसले खटले चालवले, यावर एक ओळ नाही. वर 'तिथल्या मराठीजनांनी पाठीशी उभं राहावं' हे आवाहन. न्यायाधीशाच्या पाठीशी?

मी इथे टेक्सासमध्ये एकवीस वर्षं राहते. इथला डिस्ट्रिक्ट जज पक्षाच्या तिकिटावर चार वर्षांसाठी निवडून येतो. प्रचाराला पैसा लागतो आणि देणाऱ्यांत वकील पुढे असतात, उद्या त्याच कोर्टात उभे राहणारे. देणगीला कायद्याने मर्यादा आहे, मनाई नाही.

2017 च्या हार्वे वादळानंतर आमच्या छपराचं काम अर्धवट टाकून गेलेल्या कंत्राटदारावर मी दावा लावला. सुनावणीच्या आदल्या आठवड्यात त्याच्या वकिलाच्या ऑफिसपुढच्या हिरवळीत तारेच्या काड्यांवर रोवलेली निळी पाटी दिसली. आमचा दावा ज्यांच्यापुढे होता त्यांनाच पुन्हा निवडून द्या, अशी. दावा मी हरले. निकाल कायद्याला धरून असेलही, माझे कागद कच्चे होते. पण ती पाटी पाहिल्यावर त्या निकालावर माझा विश्वास बसला नाही, तो आजही बसत नाही.

माझे वडील वाईच्या कोर्टात बेलिफ होते. तिथले साहेब गावातल्या लग्नाला जात नसत. कृष्णाबाईच्या उत्सवात दर्शन घेऊन कुणाशी न बोलता परतत. लहानपणी मला ते शिष्ट वाटायचे. वडील सांगायचे, त्यांना गावात कुणी आपलं असून चालत नाही.

गेल्या गणपतीत आमच्या मंडळात एक उमेदवार आरतीला आले आणि प्रसादाच्या रांगेत कार्डं वाटू लागले. मी विचारलं, "तुम्ही किती खटले चालवलेत?" मागच्या काकूंनी मला कोपरानं ढोसलं, "अगं, आपले आहेत ते!" त्या कंत्राटदाराच्या वकिलालाही पाटीवरचे न्यायाधीश आपलेच वाटत असणार.

आणखी एक. तुमच्या चौकटीत 'काउंटी जज'ला 'जिल्हा न्यायाधीश' म्हटलंय. टेक्सासमध्ये काउंटी जज हा मुख्यतः काउंटीच्या, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या, कारभाराचा प्रमुख. रस्ते, अंदाजपत्रक, पूर-वादळात लोकांना हलवणं ही त्याची कामं. 2018 साली फोर्ट बेंड काउंटीत भारतीय वंशाचे के. पी. जॉर्ज निवडून आले ते याच पदावर. हे मी मागेही कळवलं होतं, पत्र छापलं नाहीत.

मतदानाला अजून वेळ आहे. बातमीतल्या त्या उमेदवारांची पुन्हा मुलाखत घ्या आणि त्यांच्या प्रचाराला कोणकोणत्या वकिलांनी पैसे दिले ते विचारा. उत्तर छापलंत तर आम्हा इथल्या मतदारांना त्याचा उपयोग होईल.

आपली,
एक वाचक, शुगर लँड, टेक्सास