‘आशय’ नसलेल्या एका युद्धपटाची वकिली

प्रति,
संपादक,
स. न.

रविवार पुरवणीतला युद्धकाळातल्या विनोदी चित्रपटांवरचा लेख वाचला. चॅप्लिनचा ‘द ग्रेट डिक्टेटर’ (1940) आणि लुबिचचा ‘टू बी ऑर नॉट टू बी’ (1942) यांचं कौतुक योग्यच आहे. पण असा लेख कुठेही निघाला की हीच दोन नावं पुढे येतात, कारण त्यांच्यात ‘आशय’ असतो. ज्यात तो औषधालाही नाही, अशा एका सिनेमाची वकिली करायला हे पत्र लिहितो आहे.

तो सिनेमा म्हणजे 1942 साली लंडनच्या ईलिंग स्टुडिओने काढलेला ‘द गूस स्टेप्स आउट’. नायक विल हे (आडनावच ‘हे’). गोष्ट अगदी बाळबोध. एक बावळट इंग्रज मास्तर पकडल्या गेलेल्या एका नाझीसारखा हुबेहूब दिसतो. मग त्यालाच जर्मनीत धाडायचं आणि नव्या बॉम्बचं गुपित काढून आणायचं! तिथे त्याच्या गळ्यात काम पडतं ते इंग्लंडात हेरगिरीला जाणाऱ्या पोरांना इंग्रजी रीतिरिवाज शिकवण्याचं.

त्यातला वर्गाचा प्रसंग तर खास आहे. त्या काळात चर्चिलची दोन बोटांची ‘व्ही’ची खूण घरोघरी पोचली होती. तळहात समोरच्याकडे असेल तर तो विजय, हात उलटा फिरवला की इंग्लंडात ती सरळ शिवी. आमचे मास्तर पोरांना सांगतात की ही उलटी खूण म्हणजे आदराची सलामी. भिंतीवर हिटलरची तसबीर. सगळा वर्ग छाती काढून, गंभीर चेहऱ्याने तसबिरीला ती सलामी ठोकतो. कोणी हसत नाही, कोणी शंका काढत नाही.

याची खरी गंमत विल हेचं आधीचं काम माहीत असेल तर कळते. नाकावर चष्मा अडकवलेला, स्वतःला काही येत नसताना रेटून थापा मारणारा मास्तर, ही त्याची म्युझिक हॉलपासूनची (म्हणजे तिकडच्या गाणी-नकलांच्या रंगमंचापासूनची) हातखंडा भूमिका. तिथे इंग्रज पोरं त्याला पुरतं कोळून प्यायलेली असत. मास्तरांचं एक अक्षर ऐकत नसत. युद्ध आलं म्हणून त्याने मास्तर बदलला नाही, वर्ग बदलला. हा नवा वर्ग सांगेल ते ऐकतो आणि तिथेच फसतो. ‘आशय’ नाही म्हणालो खरा, पण आज्ञाधारकपणाची इतकी साधी टर त्या दोन थोर चित्रपटांतही मला दिसली नाही.

या ढब्बू मास्तराचं सोंग घेणारा माणूस मात्र हाडाचा खगोल-अभ्यासक होता. ऑगस्ट 1933 मध्ये त्याने घरच्या दुर्बिणीतून शनीवरचा मोठा पांढरा डाग शोधून काढला होता.

सिनेमात खोट आहेच. शेवटाकडची विमानातली धावपळ लांबते, काही विनोद पडद्यावर यायच्या आधीच कळतात. पण वर्गातल्या पोरांत पुढे नावाजलेला इंग्रज नट पीटर उस्तिनोव विशीतला दिसतो, त्याच्यावर नजर ठेवा. हेच उस्तिनोव 31 ऑक्टोबर 1984 च्या सकाळी दिल्लीत इंदिरा गांधींची मुलाखत घ्यायला थांबले होते. त्या त्यांच्याकडेच यायला निघाल्या होत्या, वाटेतच त्यांची हत्या झाली.

एक गोष्ट आपल्या माणसाला खटकेल. ज्या 1942 मध्ये ईलिंगवाले नाझींच्या हुकूमशाहीची अशी खिल्ली उडवत होते, त्याच साली गवालिया टँकवर ‘चले जाव’ म्हणणाऱ्यांना त्यांचंच सरकार तुरुंगात डांबत होतं. सिनेमात त्या साम्राज्याचा वासही नाही. तरी तसबिरीपुढच्या त्या सलामीला मला हसू येतंच. राग यायचा तो नंतर येतो.

फिल्म सोसायट्यांनी अभिजात चित्रपटांच्या महोत्सवात एखादा खेळ असल्या सिनेमालाही द्यावा. सव्वा तासाच्या आसपासचा मामला आहे. आणि कृपा करून आधी कुणाचं प्रास्ताविक ठेवू नये.

आपला,
एक वाचक, डोंबिवली