कलेजीतला फोड आणि दुकानाबाहेरचं कुत्रं

मा. पशुसंवर्धन मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स. न. वि. वि.

साहेब, सोलापुरातल्या मटणाच्या दुकानात कलेजी साफ करताना कधी कधी पांढुरका, पाण्यानं टम्म भरलेला फोड निघतो. खाटीक तेवढा भाग कापून बाहेर भिरकावतो. गिऱ्हाईक खूश, बाहेर टपलेलं कुत्रं त्याहून खूश.

त्या फोडात फीतकृमीची, म्हणजे फितीसारख्या चपट्या जंताची, पिल्लं असतात. कुत्र्याच्या आतड्यात ती वाढून वाढून जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरची होतात, त्यामुळं विष्ठेत काही दिसत नाही. दीडेक महिन्यानं अंडी पडू लागतात. ती मातीत, गवतावर, कुत्र्याच्या केसांत राहतात. चरताना मेंढीच्या पोटात जातात, न धुतलेल्या हातानं पोराच्या. मग यकृतात नाहीतर फुप्फुसात हायडॅटिड नावाची, तशीच पाण्यानं भरलेली गाठ वर्षानुवर्षं मुकाट वाढते. ती आत फुटली तर जिवावर बेततं. शाळेत जंतनाशक दिनाला मिळणाऱ्या एका गोळीनं ती जात नाही.

फोडाची कलेजी खाऊन माणसाला हा रोग होत नाही, मटणाला उगाच दोष नको. कुत्री मारायचंही कारण नाही. मुद्दाम लिहितो, कारण आपल्याकडं उपाय म्हटलं की आधी काठी आठवते.

सांगोला-मंगळवेढ्याकडचे धनगर मेंढ्यांना जंताचं औषध पाजतात, पण कळपाबरोबरच्या कुत्र्याला कोण पाजतं? त्याच्यासाठी प्राझिक्वांटेलची गोळी आहे, पण एकदा देऊन भागत नाही. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून किमान चारदा द्यायला सांगते. पाळीव कुत्र्याला हे जमेल, पशुवैद्यकीय दवाखान्यात ती फुकट मिळावी. मोकाट कुत्र्यांचं अवघड आहे. म्हणून त्यांच्या तोंडी हे मांस पडूच नये, हे पहिलं. दुकानाला झाकणाचा डबा, तो रोज नेणारी गाडी, आणि आखाडात, जत्रेत बकरी पडतात तिथं खोल खड्डा.

अडचण अशी की मेंढी आपल्या खात्याची, माणसाची गाठ आरोग्य खात्याची, मोकाट कुत्रं महापालिकेचं. अंडी काही खातं विचारून पडत नाहीत. सुरुवात आपणच करावी. कत्तलखान्यात तपासणी करणाऱ्या डॉक्टरांना हे फोड दिसतातच. जनावर कुठल्या गावचं, या नोंदीसह ती माहिती दरमहा जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडं जावी, म्हणजे माणसांची तपासणी कुठल्या गावापासून सुरू करायची ते ठरवता येईल.

कळावे,
एक सोलापूरकर