चारही चाकं वर

प्रतापनगर, नागपूर
रविवार, सकाळ

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर मी तुला नुसतं 'नाही' म्हणालो आणि फोन ठेवला. आई तेव्हापासून माझ्याशी धड बोलत नाही. तुला वाटलं असेल, बाबांना गाडी सोडवत नाही. तसं नाही गं. आपली जुनी प्रीमियर पद्मिनी तुझ्याकडे पुण्याला जावी ही माझीच इच्छा आहे. तीन वर्षं ती पोर्चमध्ये ताडपत्रीखाली उभी आहे. महिन्यातून एकदा मी सुरू करतो, फाटकापर्यंत पुढे घेतो, परत मागे लावतो. हे काही गाडीचं जगणं नव्हे. माझं 'नाही' होतं ते तुझ्या बेताला. आजीचं कपाट आणि पलंग न्यायला ट्रक भाड्याने येतोच आहे, तर त्याच्यामागेच गाडी जोडू, पुढची दोन चाकं तुझ्या मित्राच्या त्या डॉलीवर, म्हणजे दोन चाकांच्या छोट्या ट्रेलरवर, चढवू आणि मागची दोन रस्त्यावर धावतील, असं तू म्हणालीस. पैशाचा हिशेब तुझा बरोबर आहे. पण माझ्या 'नाही'मागे एक गोष्ट आहे, ती फोनवर सांगता आली नसती.

1991 चा डिसेंबर. मी 18 वर्षांचा. संत्र्याच्या आंबिया बहाराची तोड चालू होती आणि आजोबा मला घेऊन कोंढाळीच्या बागेत गेले होते. परतताना डिकीत संत्री, मागच्या सीटवर संत्री, थंडी म्हणून काचा वर, गाडीभर तो वास. कोंढाळी सोडली आणि थोड्याच वेळात इंजिनाचं हेड गॅस्केट गेलं. बॉनेटमधून वाफा, अंधार पडत आलेला. संत्रा मार्केटला निघालेला एक ओळखीचा ट्रक थांबला. त्याच्याकडे जाड दोर होता. आजोबा ट्रकच्या केबिनमध्ये बसले, कारण 'हळू घे रे बाबा' म्हणणारं कोणीतरी तिथे हवं होतं. पद्मिनीच्या स्टेअरिंगवर मला बसवलं. गिअर न्यूट्रलमध्ये, दोर ढिला पडला की हलका ब्रेक. ही गाडी जुनी असल्याचा तेवढा एक फायदा होता: तिच्या ब्रेकला बूस्टर, म्हणजे इंजिनाच्या मदतीने पेडल हलकं करणारा भाग, नाही, त्यामुळे इंजिन बंद असलं तरी ब्रेक तसाच लागतो. आजच्या गाडीचं इंजिन बंद असेल तर दोनतीनदा दाबल्यावर पेडल दगडासारखं होतं. निघताना आजोबा खिडकीपाशी येऊन म्हणाले, "काही वेगळं वाटलं तर दिवे मार. थांबू."

बाजारगाव गेलं. त्यानंतर पायाखालून बारीक घरघर यायला लागली. आधी वाटलं रस्त्याची असेल. मग ती वाढत गेली, कोणी कण्हावं तशी. मी दिवे मारले नाहीत. पन्नासेक किलोमीटरचं अंतर, त्यातलं निम्मं कापलं होतं. आजोबांनी पहिल्यांदाच एवढी मोठी जबाबदारी माझ्यावर टाकली होती आणि मधेच थांबवलं तर पोराला जमलं नाही असं त्यांना वाटेल, म्हणून मी गप्प बसलो. गोंडखैरीजवळ संत्र्यांच्या वासात जळक्या तेलाचा वास मिसळला. तरी गप्प. नागपूरच्या वेशीवर वाडीला ट्रक थांबला तेव्हा गिअरबॉक्सवरचा तो पत्र्याचा उंचवटा एवढा तापला होता की त्यावर हात ठेववत नव्हता.

मिस्त्रींनी गिअरबॉक्स उतरवून उघडला. शाफ्ट निळा पडलेला, बेअरिंगचा चुरा. तळाला तेल होतं, थोडं कमी, पण होतं. आजोबांनी विचारलं, तेल असताना जळालं कसं? मिस्त्रींनी बोटाने दाखवलं ते मला अजून जसंच्या तसं दिसतं. या गिअरबॉक्सात तेल फिरवायला पंप नसतो. खालच्या शाफ्टचे दाते तळच्या तेलात बुडून फिरतात आणि तेल वर उडवतात, त्यावरच सगळं चालतं. तो खालचा शाफ्ट फिरतो इंजिनाच्या जोरावर. गाडी न्यूट्रलमध्ये ओढली की इंजिन बंद, म्हणून खालचा शाफ्ट उभा. पण पद्मिनीची ताकद मागच्या चाकांना जाते. ती चाकं रस्त्यावर फिरत असतात, गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांपर्यंत जाणाऱ्या लांब दांड्याला, प्रोपेलर शाफ्टला, फिरवतात आणि तो गिअरबॉक्समधला वरचा शाफ्ट फिरवत राहतो. वरचा फिरतो, खालचा उभा. तेल हाताच्या अंतरावर असून एक थेंब वर पोचत नाही. कोरडं लोखंड लोखंडावर घासत राहतं.

आजोबांनी मला कधीच विचारलं नाही, तुला आवाज आला नव्हता का म्हणून. एकदाही नाही. 2009 मध्ये ते गेले. त्यांना मी सांगितलं नाही, आईला सांगितलं नाही. आज तुला लिहितो आहे.

तेव्हा सुटे भाग चार दिवसांत मुंबईहून आले. पद्मिनी कुर्ल्याच्या कारखान्यात बनत होती आणि मुंबईभर काळ्यापिवळ्या टॅक्सी धावत होत्या, त्यामुळे लहानसहान दुकानातही तिचा स्पेअर मिळायचा. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत 2023 च्या ऑक्टोबरात संपली. आता तो शाफ्ट पुन्हा निळा पडला तर मी कोणाच्या दारात जाऊ? आणि 50 किलोमीटरमध्ये झालं ते हे. तू 700 किलोमीटरचं बोलून राहिलीस.

तू गाड्यांतली जाणकार आहेस, म्हणून पुढचं बोलणं मला आत्ताच ऐकू येतंय: प्रोपेलर शाफ्ट काढून टाकू, मग गिअरबॉक्सला धक्काच नाही. बरोबर. पुढे कधी पर्यायच उरला नाही तर तेच करायचं, हे लक्षात ठेव. पण मागच्या चाकांची बेअरिंगं आणि त्यांच्या मधलं डिफरन्शियल तरी फिरणारच, आणि ते तीन वर्षं उभे आहेत. टायरही उभ्या उभ्या म्हातारे झाले. त्यांच्या कडेवरच्या शेवटच्या चार आकड्यांत आठवडा आणि साल असतं, मी काल चष्मा लावून वाचलं. ते सांगून तुला घाबरवत नाही, पण त्या टायरांवर मी भाजी आणायलाही जाणार नाही. मग उलटी जोडू, मागची चाकं डॉलीवर आणि पुढची रस्त्यावर? तेव्हा सगळा भार स्टेअरिंग सरळ बांधलेल्या एका दोरीवर येतो. रात्री तीन वाजता ती दोरी सुटली तर ट्रकवाल्याला कळायचंही नाही.

आणि डॉलीला स्वतःचे ब्रेक नाहीत, हे तूच सांगितलंस. म्हणजे ट्रकने ब्रेक मारला की 900 किलोची गाडी मागून ढकलणार. समृद्धीवर रस्ता सरळ आहे, तिथे एक वेळ निभेल. पण तुला संभाजीनगरला समृद्धी सोडून नेवासा फाटा, अहिल्यानगर असं जायचं आहे, आणि शेवटी शिक्रापूर-वाघोलीची गर्दी. तिथे पावलापावलावर ब्रेक. ढाब्यावर चुकीच्या जागी शिरलात तर डॉली लावून मागे घेता येत नाही, ती लगेच आडवी होते. समृद्धीच्या सिमेंटवर भर उन्हात चांगले टायर फुटतात, वर्तमानपत्रात तू वाचतेसच. शिवाय नियम आहेत. बंद पडलेली गाडी ओढायची ती जवळच्या गॅरेजपर्यंत किंवा पंपापर्यंत, दोन गाड्यांत 5 मीटरहून जास्त अंतर नको, मागे 'ऑन टो' अशी पाटी, आणि वेग ताशी 25 किलोमीटरच्या आसपास. या वेगाने पुण्याला पोचायला किती वेळ लागेल ते तूच मोजून बघ.

तर मी काय ठरवलं ते सांगतो. ट्रक तोच, फक्त मोठा. 20 फुटी आयशर. आपली गाडी 13 फुटांत बसते. पुढच्या भागात कपाट आणि पलंग, मध्ये जाड प्लायवूड उभं करून ते कपाटासकट बॉडीला बांधायचं, आणि त्यामागे गाडी, तोंड ट्रकच्या केबिनकडे. इंजिनाचं वजन पुढे राहिलं की ट्रकही नीट चालतो. भाडं थोडं वाढेल, वाढलेले पैसे मी देणार आहे, त्यावर वाद नको.

चढवायचं वाडीच्या एका गोदामात. तिथला प्लॅटफॉर्म ट्रकच्या फळीच्या उंचीचा आहे, मध्ये लोखंडी प्लेट टाकली की गाडी सरळ आत जाते. फळ्या तिरप्या लावून पोरांच्या जोरावर गाडी चढवतात ते मी पाहिलं आहे, आणि फळी सरकलेलीही पाहिली आहे. पण मनू, चढवण्यापेक्षा उतरवण्याची काळजी आधी कर. लोक हेच विसरतात. रात्री ट्रक सोसायटीच्या फाटकापुढे उभा, गाडी साडेतीन फुटांवर आणि खाली उतरवायला काहीच नाही. वाघोलीकडे प्लॅटफॉर्मवालं गोदाम बघ, नाहीतर उतरवण्यापुरतं हायड्रोलिक फ्लॅटबेड ठरव. ते पक्कं झाल्याचा तुझा फोन आला की मी इकडे ट्रकला आगाऊ रक्कम देईन. त्याआधी नाही.

बांधायचं मी स्वतः बघणार. ट्रकवाले सवयीने बंपरला दोर घालतात नाहीतर छतावरून आवळतात. पद्मिनीला वेगळी चासी नाही, बॉडी हाच तिचा सांगाडा आहे, पत्रा एकदा ओढला गेला की दारं कधीच नीट लागत नाहीत. म्हणून बेल्ट चाकांना. चारही टायरांवरून रॅचेटचे बेल्ट, प्रत्येक चाकाच्या पुढेमागे लाकडी गुटके, खिळ्यांनी फळीला ठोकलेले. चाकं जखडली की वरची गाडी आपल्या स्प्रिंगांवर हलकी डोलत राहते, खड्ड्याचा झटका तिथेच जिरतो. मागच्या ॲक्सलला बेल्ट घालायचा हट्ट कोणी धरला तर ब्रेकचा पाइप त्याखाली चेपत नाही ना, ते आडवं होऊन बघायचं. हँडब्रेक ओढलेला, पहिला गिअर टाकलेला. बॅटरीची वायर काढलेली. पेट्रोल तीनचार लिटर पुरे, खाली उतरून पंपापर्यंत जाण्याएवढं. आणि निघाल्यावर पहिल्या पन्नास किलोमीटरच्या आत एकदा थांबून सगळे बेल्ट पुन्हा आवळायचे, कारण नवा बेल्ट पहिल्या तासात ताणतो. हे ड्रायव्हरला मी सांगेनच, पण तू केबिनमध्ये असशील, तूही लक्षात ठेव.

कागद एका फाइलमध्ये ठेवले आहेत: आरसी, विमा, पीयूसी. नागपूरचाच नंबर पुण्याला चालतो, परराज्यात जायचं असतं तर आरटीओची एनओसी लागली असती. ट्रकमधल्या मालाचा वाहतुकीचा विमा वेगळा काढतो आहे, चारही बाजूंनी फोटो काढून. आणि एक. गाडी 1978 ची आहे, 2028 ला तिची 50 वर्षं पूर्ण होतील. 2021 च्या नियमांनी अशा गाडीला विंटेज म्हणून नोंदवता येतं, पाटीवर 'व्हीए' अक्षरं येतात. मात्र ती मूळ रूपात हवी, आणि मग रोज चालवता येत नाही. काय करायचं ते तू ठरव, माझं मत मी देणार नाही. तोवर इंजिन, गिअरबॉक्स बदलून दुसऱ्या कुठल्या गाडीचा बसवू नकोस एवढंच मागतो. तो गिअरबॉक्स 1991 मध्ये मिस्त्रींनी आजोबांसमोर जोडला आहे.

ड्रायव्हर संध्याकाळी सहाला निघू म्हणतो. मी पहाटे चारला म्हणालो. रात्री समृद्धीवर सरळ रस्त्याने डोळा लागतो, पहाटे निघालात तर ऊन चढेपर्यंत जालना गाठता येईल. तो तयार झाला आहे. तू शुक्रवारी सकाळी इथे पोच. आई तुझ्यासाठी वडाभात करणार आहे, आणि तोवर माझ्याशीही बोलायला लागेल असं दिसतं.

शुक्रवारी दुपारी गाडी वाडीला नेऊ. घरापासून तिथपर्यंत हळूहळू चालवत, आपल्याच इंजिनावर, उसने टायर लावून. मिस्त्री आता गॅरेजमध्ये येत नाहीत, पण त्यांचा मुलगा येतो म्हणाला आहे.

प्लॅटफॉर्मवरून आत घेताना स्टेअरिंगवर तू बस. किंचित डावीकडे ठेव, म्हणजे तुझ्या बाजूचं दार उघडून उतरता येईल. मी मागे गुटका घेऊन उभा असेन. कुठूनही काही आवाज आला, जरासाही, तर दिवे मार. थांबू.

तुझा,
बाबा