अश्वगंधा देताना थायरॉइडचं विचारा की

संपादक साहेब, नमस्कार.

माझी बहीण इथं सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला जाते. झोप नाही, सारखी चिडचिड, म्हणून कुणीतरी सांगितलं अश्वगंधा घे आणि मेडिकलवाल्यानं काही न विचारता डबी हातात दिली. थायरॉइडची गोळी ती 6 वर्षं रोज उपाशीपोटी घेते, हे कुणी विचारलंच नाही. महिन्याभरात छातीत धडधड, हात थरथरायला लागले, सुईत दोरा ओवता येईना. रक्त तपासलं तर थायरॉइडचं हार्मोन वाढलेलं, डॉक्टरांनी डबी बंद करायला लावली.

अश्वगंधा वाईट असं मी म्हणत नाही हो. ताण आला की मेंदू किडनीवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींना निरोप धाडतो, कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन वाढतं, आणि 2012 च्या एका अभ्यासात 64 जणांपैकी निम्म्यांना 60 दिवस रोज 600 मिलिग्रॅम अर्क दिला तर त्यांचं कॉर्टिसॉल खरंच उतरलं. पण तीच मुळी थायरॉइडचं हार्मोन वाढवू शकते, काहींच्या लिव्हरलाही त्रास झालाय, गरोदर बाईनं तर घेऊच नये. डबीवर हे मराठीत मोठ्या अक्षरात छापा, आणि दुकानदारांनो, निदान चालू गोळ्या कुठल्या एवढं तरी विचारत जा.

एक वाचक, सोलापूर