कॉफीचे गोडवे आणि आईची गोळी

संपादक महोदय, स. न.

कालच्या आरोग्य पुरवणीतला कॉफीपुराणाचा लेख वाचला. लेखिकेची तळमळ पोचली. यकृत आणि टाइप-२ मधुमेहाबद्दल त्यांनी जे लिहिलं आहे त्यावर माझी हरकत नाही. कॉफी पिणाऱ्यांत हे आजार कमी आढळतात, हे बऱ्याच पाहण्यांत दिसलंय. पण म्हणून ते कॉफीमुळेच कमी होतात हे सिद्ध झालेलं नाही. मधुमेहाबाबत तर कॅफिन काढलेल्या कॉफीतही तेच दिसतं. पण मथळ्यात ‘आढळतात’चं ‘वाचवते’ झालं. असो.

माझा राग आहे तो ‘उठल्या उठल्या पहिला कप’ या सल्ल्यावर. माझी आई थायरॉइडची गोळी सकाळच्या कॉफीबरोबरच घ्यायची. कॉफीमुळे ही गोळी अंगात नीट शोषली जात नाही. टीएसएच (थायरॉइड कमी पडलं की रक्तात वाढणारं संप्रेरक) काही केल्या खाली येईना आणि डॉक्टर दर खेपेला डोस वाढवत गेले. गोळी कशाबरोबर घेता, एवढा साधा प्रश्न त्यांना सुचला नाही! तो विचारला औषधाच्या दुकानातल्या मुलानं. मग गोळी पाण्याबरोबर आणि कॉफी तासाभरानं, असं सुरू झालं. आता गोळी पुरती लागू पडू लागली, पण डोस तोच वाढवलेला. छातीत धडधड, हात थरथरणं, रात्रभर टक्क जागी. आणि याचं खापर त्याच डॉक्टरांनी फोडलं कुणावर? कॉफीवर! ‘आजपासून बंद करा.’ रक्त पुन्हा तपासून डोस खाली आणल्यावर आई ठीक झाली. कॉफी तिनं सोडली नव्हतीच. काल तिनं तुमचा लेख मला मोठ्यानं वाचून दाखवला, विजयी मुद्रेनं. गोळीचा त्यात उल्लेखही नाही, हे तिच्या लक्षात आलं नाही, माझ्या आलं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं १९९१ साली कॉफीवर मूत्राशयाच्या कर्करोगाचा संशय घेतला होता आणि २०१६ साली तो मागे घेतला, हे लेखात आहे. त्याच निर्णयात ६५ अंश सेल्सिअसपेक्षा गरम असलेलं कुठलंही पेय अन्ननलिकेला बहुधा कर्करोगकारक ठरवलंय, ते मात्र गाळलंय. छायाचित्रातल्या कपातून वाफांचे लोट निघताहेत, तेव्हा अडचण समजू शकते.

जाता जाता, माझ्या मागच्या पत्रातला ‘परंतु’पुढचा सगळा मजकूर आपण कापलात. ज्या गोष्टीला मी विरोध केला होता, तिलाच पाठिंबा दिल्याबद्दल मला अभिनंदनाचे फोन आले. जागेची अडचण मी जाणते. या खेपेला कात्री चालवायचीच असेल तर कर्करोगाचा परिच्छेद काढा, गोळीचा राहू द्या.

आपली,
एक जुनी वाचक