लेझरच्या आधी पडदा तपासून घ्या

चि. मेधास अनेक आशीर्वाद.

ऑपरेशन झाल्यावर सासूबाईंना पुन्हा धूसर दिसतंय म्हणजे मोतीबिंदू परत आला असं घरात सगळे म्हणतील. तो परत येत नाही. ऑपरेशनमध्ये गढूळ भिंग काढतात, पण त्याची पातळ पिशवी आत ठेवून तिच्यात कृत्रिम भिंग बसवतात. पिशवीच्या कडेला उरलेल्या पेशी काही महिन्यांनी किंवा वर्षांनी मागच्या भिंतीवर पसरतात आणि ती दुधी होते. हिलाच जाळी म्हणतात. रात्री समोरच्या गाडीचे दिवे फुटून पसरतात. दुखत मात्र नाही, डोळाही लाल होत नाही.

त्यावर याग लेझर. बाहुली मोठी करणारे थेंब घालून मागच्या भिंतीत साधारण ४ मिलिमीटरची खिडकी पाडतात. चिरा नाही, टाका नाही, काही मिनिटांचं काम. पुढच्या काही तासांत डोळ्याचा दाब चढू शकतो, म्हणून तो उतरवणारा थेंब घालतात. नंतर दाब मोजल्याशिवाय त्यांना घरी आणू नकोस.

पण त्यांना मधुमेह आहे, तेव्हा लेझरची तारीख घेण्याआधी डोळ्याचा मागचा पडदा (रेटिना) बघायला सांग. पडद्याच्या मध्यभागी सूज असेल तर लेझरनं जाळी जाईल आणि दिसणं तसंच राहील. उलट लेझरनंतर सूज वाढूही शकते. एकेक डोळा झाकून त्यांना दाराची चौकट बघायला लाव. जाळीत चौकट अंधूक दिसते, सुजेत बहुधा वाकडी. खात्री ओसीटी स्कॅननंच होते, त्यात पडद्याचे थर दिसतात. जाळी इतकी दाट असेल की पडदाच दिसत नाही, तर मात्र लेझर आधी. सुजेवर थेंब किंवा डोळ्यात इंजेक्शन. त्यात स्टेरॉइड असेल तर दाब पुन्हा पुन्हा मोजावा लागतो.

‘साखर वाढली असेल’ म्हणून गप्प बसू नका. साखरेनं नैसर्गिक भिंग फुगतं आणि नंबर हलतो. कृत्रिम भिंग फुगत नाही. ऑपरेशन झालेल्या डोळ्यात आठवडाभर धूसर राहिलं तर कारण बहुधा दुसरं असतं. आणि धास्तीनं साखर एकदम खाली आणायचा हट्टही नको, आधीच खराब असलेला पडदा त्यानं काही काळ बिघडू शकतो. मधुमेहाच्या गोळ्यांत पायोग्लिटाझोन असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना सांग. तिच्यानं अंगात पाणी साचतं, पडद्यालाही सूज येऊ शकते. स्वतःहून बंद मात्र करू नका.

लेझरनंतर थोडे काळे ठिपके काही दिवस तरंगतील. एकदम खूप ठिपके, विजेसारख्या चमका किंवा कडेनं पडदा ओढल्यासारखी सावली आली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

जाताना ऑपरेशनचं कार्ड (भिंगाचं स्टिकर त्यावरच असतं), शेवटचा एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा रिपोर्ट) आणि चालू गोळ्यांची यादी घे. थेंबांमुळे काही तास उजेड सहन होणार नाही, गॉगल पर्समध्ये टाक.

तुझी,
आई