आईबरोबरची पहिली फेरी

चि. सई,

अनेक आशीर्वाद.

उन्हाळ्यात तू प्रॉव्हिन्सटाउनच्या देवमासे दाखवणाऱ्या बोटीवर काम करणार हे कळल्यापासून मी भेटेल त्याला सांगत सुटलोय. तिथे प्रवासी तुला एक प्रश्न हमखास विचारतील: हे देवमासे दरवर्षी नेमके इथेच कसे परत येतात? ‘उपजत ओढ असते’ एवढं सांगून मोकळी होऊ नकोस. ते अर्धंच खरं आहे, आणि उरलेलं अर्धं मला जास्त मोलाचं वाटतं.

हिवाळ्यात उत्तर अटलांटिकमधले बरेचसे हंपबॅक जातीचे देवमासे कॅरिबियनच्या उबदार पाण्यात जमतात. डॉमिनिकन रिपब्लिकच्या उत्तरेला सिल्व्हर बँक म्हणून प्रवाळांचा उथळ भाग आहे, तिथे तर फार. आपल्या इथल्या, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यालगतच्या मेनच्या आखातातले, न्यूफाउंडलंडचे, ग्रीनलंडचे, आइसलंडकडचेही, सगळे एकाच पाण्यात. जोड्या तिथेच जमतात, पिल्लं तिथेच होतात. खायला मात्र तिथे त्यांना जवळजवळ काहीच नसतं. म्हणून वसंत लागला की जो तो आपापल्या खाण्याच्या जागेकडे निघतो. बाप आइसलंडकडचा असला तरी पिल्लू जातं ते आईच्याच जागी.

जन्मतः ते चारेक मीटर लांब आणि टनभर वजनाचं असतं. आई कित्येक आठवडे उपाशी असते, अंगावरच्या चरबीतूनच त्याला पाजत असते, आणि तशीच ती त्याला बाजूला घेऊन सुमारे अडीच हजार किलोमीटर पोहत आपल्या आखातातल्या स्टेलवेगन बँक या उथळ भागापर्यंत येते. उन्हाळाभर दोघं बरोबर असतात. पिल्लू वर्षाचं होईतो त्यांची फारकत होते आणि पुढच्या वसंतात ते एकटं येतं. कोणी सोबत नाही, कोणी वाट दाखवत नाही, तरी त्याच आखातात. त्यानंतर जन्मभर हेच. एकदाच दाखवलेली वाट एवढी पक्की बसते, याचं मला अजूनही नवल वाटतं.

हे कळलं ते शेपट्यांमुळे. बुडी मारताना शेपूट वर आली की खालची बाजू नीट बघ. काळ्यापांढऱ्या रंगाचे पट्टे, अंगाला चिकटून राहणाऱ्या बार्नॅकल या कवचधारी जीवांच्या गोल खुणा, ऑर्का या शिकारी सागरी प्राण्याच्या दातांचे समांतर ओरखडे. एकीसारखी दुसरी नसते. १९७० च्या दशकात स्टीव्हन कॅटोना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या शेपट्यांचे फोटो जमवायला सुरुवात केली, आणि बार हार्बरच्या कॉलेज ऑफ द अटलांटिकमध्ये त्यांची सूची उभी राहिली. त्यातली सगळ्यांच्या ओळखीची मादी म्हणजे सॉल्ट. पाठीवरच्या पराच्या पांढऱ्या खुणांमुळे तिला हे नाव पडलं. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून ती या आखातात येते आहे, आणि तिच्या नातवंडांचीही इथे नोंद आहे. कातडीच्या तुकड्यांतून काढलेल्या डीएनएनेही तेच दाखवलं. जो डीएनए फक्त आईकडून येतो, त्याचं मिश्रण प्रत्येक खाण्याच्या जागी वेगळं निघालं.

आता एक गोष्ट, जी मला सगळ्यांत आवडते. १९८० मध्ये इथल्या एका हंपबॅकने पाण्यावर जोरात शेपटी आपटली, मग खाली जाऊन बुडबुड्यांचं कडं केलं आणि कोंडलेले मासे तोंड उघडून गिळले. तोवर आपटण्याची ही तऱ्हा कोणी पाहिली नव्हती. हेरिंग मासा तेव्हा घटला होता आणि वाळूत शिरून बसणारा बारीक सँड लान्स वाढला होता. पुढे २७ वर्षांच्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं की एक तृतीयांशाहून जास्त देवमासे ही युक्ती वापरू लागलेत. आणि ती आयांकडून पसरली नव्हती, बरोबर खाणाऱ्या सोबत्यांकडून पसरली होती! जागा आईची, पण त्या जागी पोट भरायची नवी रीत मित्रमैत्रिणींची. बोटीवर हे सांगच.

वाट शिकवलेली असते, म्हणूनच ती हरवूही शकते. दक्षिण अटलांटिकमधल्या साउथ जॉर्जिया बेटावर १९०४ मध्ये कार्ल अँटन लार्सेनने ग्रितविकेनला देवमाशांच्या शिकारीचं ठाणं उभारलं. हंपबॅक किनाऱ्याजवळ खाणारे, सहज हाती लागणारे, म्हणून आधी त्यांचाच फडशा पडला. थोड्याच वर्षांत ते तिथून संपत आले. पुढे शिकार थांबली, त्यांच्या खाण्यातल्या क्रिलची, म्हणजे कोळंबीसारख्या बारीक जीवांची, तर तिथे चंगळ, तरीही कित्येक दशकं हंपबॅक तिथे क्वचितच दिसायचे. ती जागा माहीत असलेल्या माद्याच उरल्या नव्हत्या, असं काही शास्त्रज्ञ मानतात. अलीकडच्या वर्षांत मात्र ते मोठ्या संख्येने परतलेत. हे वाचलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला.

आपल्या आखातातल्या निम्म्याहून अधिक हंपबॅकच्या अंगावर मासेमारीच्या दोरांचे वळ सापडले आहेत. बॉस्टनला येणाऱ्या जहाजांचा मार्ग २००७ मध्ये देवमासे वाचावेत म्हणून सरकवला, ते उत्तम झालं. दोरांचं अजून पुरेसं झालेलं नाही. एक पिल्लू घेऊन येणारी मादी दोरात अडकून मेली की तिच्याबरोबर पुढच्या कितीतरी फेऱ्या जातात. प्रवाशांना हे बिनधास्त सांग, कोणाला ऐकायला आवडो न आवडो.

आणि आजीला रत्नागिरीला फोन करशील तेव्हा लुबान नावाच्या मादीबद्दल सांग. अरबी समुद्रातले हंपबॅक थंड समुद्रांकडे जातच नाहीत. नैर्ऋत्य मोसमी वारे ओमानच्या किनाऱ्याला खोलातलं सकस पाणी वर आणतात, त्यामुळे त्यांना खायला तिथेच मिळतं. १९६५-६६ मध्ये सोव्हिएत जहाजांनी या समुद्रात २४२ हंपबॅक मारले. आज ओमानजवळ शंभरही उरलेले नाहीत. लुबान ही त्यांतलीच एक मादी. २०१७ च्या अखेरीस तिच्या अंगावर उपग्रहाचा टॅग बसवला, तर ती अख्खा समुद्र ओलांडून गोव्याकडे आली, किनाऱ्याने भारताच्या दक्षिण टोकापर्यंत गेली आणि फिरून ओमानला परतली. आजीला अजून वाटतं की देवमासे फक्त आपल्या इकडच्या गार पाण्यातच असतात.

पहिल्या आठवड्यात वेळ मिळेल तेव्हा लिही, यंदा कोणकोणत्या माद्या पिल्लं घेऊन आल्यात ते.

तुझे,
बाबा